देवगडात जमिनीचं काम सुरू करायचंय? मग आधी सातबारा वाचायला शिका

गावातली आणि आजूबाजूच्या वाड्यांतली बरीच पोरं हल्ली विचारतात, दादा मलापण जमिनीच्या लाईनमध्ये यायचंय, सुरुवात कशी करू. कोणी कणकवलीला कॉलेज संपवून घरी बसलाय, कोणी मुंबईची नोकरी सोडून आलाय, कोणाची आंब्याची कलमं आहेत पण मोहोराचा काही भरवसा राहिलेला नाही म्हणून जोडीला काहीतरी बघतोय. फोनवर हे सांगून होत नाही म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. मी देवगड तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या गावातला, मुंबईत नोकरीला होतो, लॉकडाऊनमध्ये गावी आलो तो इथेच राहिलो आणि हे काम धरलं, आज घर यावरच चालतं, त्यामुळे जे लिहितोय ते स्वतः करून बघितलेलं आहे.

पहिली गोष्ट, आपल्याकडे विकायला जमिनी कमी नाहीत. मिठबाव घ्या, कुणकेश्वर घ्या, विजयदुर्गच्या खाडीकाठची गावं घ्या, रस्त्याने जाताना दर थोड्या अंतरावर कोणीतरी तुम्हाला थांबवून सांगेल की आमची एक जागा आहे, गिऱ्हाईक असेल तर बघ. कमी आहेत त्या अशा जमिनी की जिच्या सगळ्या मालकांच्या सह्या एका कागदावर येऊ शकतील. एजंटचं खरं काम तिथे आहे. समुद्र दाखवायला एजंट लागत नाही, तो गुगल मॅपवर पण दिसतो.

आता हे असं का, ते समजून घेतल्याशिवाय या कामात उतरूच नका. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातून माणूस मुंबईला जायला लागला त्याला शंभर वर्षांहून जास्त काळ झाला. गिरणीत, गोदीत, पोलिसात, हॉटेलात. घर, आगर म्हणजे माडा-पोफळीची बाग आणि वरचा सडा म्हणजे कातळाचा माळ आज्याच्या किंवा पणज्याच्या नावावर राहिला, त्याची मुलं झाली, मुलांची मुलं झाली, कोणी परळला राहिलं, कोणी डोंबिवली नालासोपाऱ्याला गेलं, कोणी आता दुबईत आहे, आणि वाटप कोणीच केलं नाही. तोंडी वाटप झालेलं असतं, म्हणजे अमुक माड माझे आणि तमुक कुणगा, म्हणजे भाताचा तुकडा, तुझा, आणि गावात ते सगळ्यांना मान्यही असतं, पण कागदावर काय तर सामाईक. त्यात खोतीचा, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या वतनदारीचा इतिहास. खोती रद्द करायचा कायदा १९४९ चा, पण त्याआधी कोण खोत, कोण कूळ, कोण नुसता कसणारा, याच्या खुणा आजही उताऱ्यावर सापडतात.

म्हणून माझा नियम असा, कोणी जागा आहे म्हणाला की आधी सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर विचारायचा. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाईन १५ रुपयांत मिळतो. तो काढायचा, आठ अ म्हणजे त्या खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा काढायचा, आणि मग ज्या घरातली जमीन आहे त्या घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे जाऊन बसायचं.

एकदा असाच एक सातबारा घेऊन आमच्या शेजारच्या गावातल्या आबांकडे गेलो होतो. क्षेत्र ०.३२.०० हेक्टर आर, म्हणजे साधारण ३२ गुंठे, त्यात थोडा पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारा भाग. खाली नावांची रांग, वीसेक तरी असतील, काही कंसात म्हणजे कमी झालेली, काही नुसतीच. आबा खळ्यात बाकड्यावर बसलेले, चष्मा पुसून एकेका नावावर बोट ठेवत गेले आणि मी वहीत वंशावळ काढत गेलो. एका नावावर बोट थांबलं. "ह्यां नाव आमच्या आज्याच्या भावाचां. तो म्हमयक गेलो तो परत इलोच नाय." म्हटलं, आबानू, लग्न झालेलं काय त्यांचं? तर म्हणाले लग्न झालेलं, एक मुलगी होती, ती विरारला कोणाच्यातरी घरात दिली. झालं, म्हणजे त्या मुलीचे वारस शोधल्याशिवाय हा व्यवहार पुरा नाही. हे सातबाऱ्यावर कुठेही लिहिलेलं नव्हतं, वकिलाने जुने दस्त तपासून दिलेल्या सर्च रिपोर्टमध्येही आलं नसतं, हे फक्त आबांच्या डोक्यात होतं. त्याच उताऱ्यावर दुसऱ्या एका नावापुढे ए.कु.मॅ. अशी अक्षरं होती. नवीन मुलांनी ही अक्षरं पाठ करून ठेवा, एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे नाव एका भावाचं दिसतं पण तो फक्त कुटुंबातर्फे आहे, बाकीच्या भावांचा हक्क त्याच्यामागे उभा आहे. अशा एका माणसाची सही घेऊन खरेदीखत झालं तर घेणारा पुढे वर्षानुवर्षं कोर्टात जातो आणि तुमचं नाव तालुक्यात खराब होतं.

जुने हस्तलिखित सातबारे आणि फेरफार, म्हणजे उताऱ्यावरचे बदल कसे झाले त्याच्या नोंदी, तहसीलच्या रेकॉर्डमधून नक्की काढा. संगणकावर चढवताना नावं गळलीत, क्षेत्र इकडचं तिकडे झालंय अशी प्रकरणं भरपूर आहेत आणि ती दुरुस्त करायला महसूल अधिनियमाचं कलम १५५ आहे, पण त्याला वेळ जातो. तो वेळ पार्टी, म्हणजे घेणारं गिऱ्हाईक, टोकन देऊन बसलेली असताना घालवण्यापेक्षा आधी घालवलेला चांगला.

फेरफार वाचायची सवय लावून घ्या. नंबर गोल करून सातबाऱ्यावर लिहिलेले असतात, एकेक नंबर म्हणजे त्या घरातला एकेक मृत्यू, एकेक खरेदी, एकेक भांडण. मी अजूनही नवीन काम आलं की रात्री जेवल्यावर फेरफार घेऊन बसतो आणि मला त्यात खरंच मन लागतं.

मग सह्यांचं काम. इथे मला एक गोष्ट अगदी मनापासून सांगायचीय, आणि ती बहिणींबद्दल आहे. २००५ च्या हिंदू वारसा कायद्यातल्या बदलाने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क मिळाला आणि २०२० साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वडील २००५ मध्ये हयात होते की नाही याने फरक पडत नाही. पण गावात अजून काय चालतं, तर भाऊ ठरवतात, एजंट कागद तयार करतो, आणि आत्याला गणपतीला घरी आली की सांगतात इथे सही कर, हक्कसोड आहे, फॉर्म्यालिटी आहे. आणि तिला भाव सांगत नाहीत. जागा विकायची चाललीय हेसुद्धा कधीकधी सांगत नाहीत.

मी हे करत नाही. एका घरात असंच होतं, तीन भावांची मुलं तयार, आत्या नालासोपाऱ्याला, सत्तरी पार केलेली. मी पुतण्यांना म्हटलं की मी स्वतः तिच्याकडे येणार आणि पुढ्यात बसून सगळं सांगणार, पटत असेल तर मी हे काम करतो. ते कुरकुरले पण आले. तिच्या घरी चहा झाला, कागद पुढे केला, तिने तो बाजूला ठेवला आणि मलाच विचारलं, "सही करतंय मी, पण आदी सांग, गुंठ्याक भाव काय ठरलो हा?" पुतणे खाली बघायला लागले. मी भाव सांगितला, एकूण रक्कम सांगितली, तिचा हिस्सा किती होतो ते वहीत आकडा मांडून दाखवलं. ती म्हणाली मला सगळा नको, पण नातीच्या शिक्षणाला एवढे द्या. आणि पुतण्यांनी दिले, खुशीने दिले, मला वाटतं त्यांनाही सुटल्यासारखं झालं. त्या व्यवहारात पुढे एकही हरकत आली नाही. ज्या व्यवहारात बहिणीला फसवून सही घेतलेली असते तिथे फेरफाराची नोटीस निघाली की तिच्या मुलाची हरकत आलीच म्हणून समजा, आणि यायलाच पाहिजे.

बाहेरदेशी असलेल्या वारसांचं कुलमुखत्यारपत्र लागतं, ते तिथे नोटरी करून, देशाप्रमाणे ॲपोस्टिल म्हणजे तिथल्या सरकारचा प्रमाणित शिक्का घेऊन किंवा भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून इथे आणायचं आणि मुद्रांक भरून घ्यायचं. वकील सांगेल. चांगला दिवाणी वकील पहिल्या दिवसापासून जोडून ठेवा, हे मी पुढे पुन्हा लिहिणार नाही म्हणून इथेच लिहितो.

आता सातबाऱ्यावरचा इतर हक्काचा रकाना. नवीन एजंट तो वाचतच नाही, आणि सगळी मेख तिथे असते. कुळाचं नाव असेल तर थांबा. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, त्या दिवशी जो कसत होता तो कायद्याने मालक व्हायचा, पण कित्येक ठिकाणी कुळकायद्याच्या ३२ ग ची किंमत ठरली आणि ३२ म चं, म्हणजे कुळाने जमीन खरेदी केल्याचं सर्टिफिकेटच घेतलेलं नाही, किंवा घेतलंय तर त्यावर कलम ४३ ची, म्हणजे परवानगीशिवाय न विकण्याची अट बसलीय. २०१४ च्या दुरुस्तीनंतर ३२ म ला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या, म्हणजे जमिनीच्या शेतसाऱ्याच्या, ४० पट नजराणा भरून विकता येतं, आणि आपल्याकडे आकार इतका किरकोळ असतो की रक्कम नगण्य निघते, पण प्रक्रिया केलीच पाहिजे. म्हातारी माणसं याला नुसतं "त्रेचाळीस लागलाहा" एवढंच म्हणतात, त्यावरून ओळखा. भोगवटादार वर्ग दोन, म्हणजे सरकारी अटींवर धरलेली जमीन असेल तर कलेक्टरची परवानगी. देवस्थान इनाम असेल तर नादाला लागू नका. खाजगी वन असा शेरा असेल, तो १९७५ च्या कायद्याचा, तर त्या जागेचा व्यवहार मी घेत नाही, मालकाला नीट समजावून वकिलाकडे पाठवतो. आपल्या जिल्ह्यात याशिवाय आकारीपड, म्हणजे सारा न भरल्याने सरकारकडे गेलेली जमीन आहे, आंबोली चौकुळ गेळे भागात कबुलायतदार गावकर, म्हणजे गावाने मिळून धरलेल्या जमिनी आहेत, तो प्रश्न पिढ्यानपिढ्या चालत आलाय आणि देवगडच्या एजंटाने तिकडच्या जागेचा शब्द तर अजिबात देऊ नये.

आणखी एक आपल्याकडचा खास प्रकार म्हणजे जमीन एकाची आणि झाडं दुसऱ्याची. आंब्याची कलमं ज्याने लावली त्याचा हक्क वेगळा नोंदलेला असू शकतो, किंवा मालकाने कलमं दोन तीन सीझनसाठी बागवाल्याला कराराने दिलेली असतात आणि जागा विकताना ते कोणाला सांगायचं सुचत नाही. मार्चमध्ये पार्टी ताबा घ्यायला आली आणि झाडावर दुसऱ्याची माणसं आंबे काढतायत, असं होऊ नये म्हणून आधी विचारा, कलमं कोणाकडे आहेत.

सीआरझेडवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणाऱ्या नियमांवर, मला जरा जास्त लिहायचंय कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. पुण्याची पार्टी फोन करते, सी टच पाहिजे, बंगला बांधायचाय, स्विमिंग पूल पाहिजे. मी फोनवरच सांगतो की भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत सीआरझेड लागतो आणि आपल्या बहुतेक गावांत पहिल्या २०० मीटरमध्ये नवीन बंगला होत नाही. २०१९ च्या नोटिफिकेशनमध्ये ५० मीटरची सवलत आहे पण ती सीआरझेड ३ अ या गटातल्या गावांना, म्हणजे २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त वस्ती असलेल्यांना. आपल्या किनाऱ्यावर सडे आणि बागाच जास्त, एवढी दाटी कुठे आहे, आपण ३ ब मध्ये. खाडीकाठी हिशोब वेगळा, तिथे ५० मीटर किंवा खाडीची रुंदी यातलं जे कमी ते. एजंट लोक ही ५० मीटरची बातमी दाखवून पार्टीला २०० च्या आतली जागा गळ्यात मारतात. त्या पार्टीने आयुष्यभराची कमाई घातलेली असते हो. रिटायर झालेला माणूस, पीएफचे पैसे, आणि नंतर कळतं की इथे फक्त माड बघत बसायचं.

२०० च्या पुढे घर होऊ शकतं, पण त्याला उंची ९ मीटरच्या आत, तळमजला अधिक एक मजला अशा मर्यादा आहेत आणि परवानगी रीतसर घ्यावी लागते. आणि भरतीरेषा म्हणजे वाळूवर ओल दिसते ती नव्हे. ती मंजूर नकाशावरची रेषा आहे, आणि आपला सर्व्हे नंबर तिच्या कुठल्या बाजूला पडतो हे पक्कं करायचं तर चेन्नईच्या अण्णा युनिव्हर्सिटीच्या रिमोट सेन्सिंग संस्थेसारख्या अधिकृत संस्थेकडून गावनकाशावर रेषा टाकून घ्यावी लागते. खर्चिक काम आहे. मोठा व्यवहार असेल तर पार्टीला सांगा की हे करून घ्या, टाळू नका. मालकालाही खरं सांगा, त्याला वाटत असतं समुद्राच्या जवळ म्हणजे भाव जास्त, तर त्याला समजवायचं की जुनं असेसमेंट, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टीला नोंद असलेलं घर असेल तर त्याची किंमत आहे, कारण आहे त्या चौथऱ्यावर अधिकृत घर पुन्हा बांधता येतं, आणि स्थानिक माणसाला आपल्या जुन्या घरात चौथरा न वाढवता होमस्टे करता येतो. हे ऐकून दोन घरांनी विकायचा विचार सोडला आणि होमस्टे सुरू केला. माझी दलाली गेली, पण गणपतीला त्यांच्याकडे जेवायला बोलावतात आणि त्यांच्याच ओळखीने पुढची कामं आली.

रस्ता. पार्टी पहिला प्रश्न समुद्राचा विचारते, तुम्ही पहिला प्रश्न रस्त्याचा विचारा. "हयसून जावक वाट आसा" असं मालक सांगतो, तेव्हा ती वाट म्हणजे दोन गडग्यांमधली, म्हणजे दगडी कुंपणांमधली पाणंद असते, डोक्यावर भारा घेऊन एक माणूस जाईल एवढी, जांभ्याचा ट्रक जाणार नाही. ग्रामपंचायतीत २३ नंबरला नोंद असलेला रस्ता आहे का बघा, त्याचा उतारा घ्या. नसेल तर मधल्या जमीनवाल्याकडून रस्त्याचा हक्क रजिस्टर करून घ्यायचा, तोंडी "जावा हो, कोण अडवता" यावर एक रुपयाही टोकन घेऊ नका. आज नाही अडवत, कारण आज तुम्ही गावचे आहात. उद्या पुण्याचा माणूस गेट लावतो तेव्हा गडगा सरकतो. तहसीलदारांकडे कलम १४३ खाली रस्ता मागता येतो, पण तो शेतीला बांधावरून जाण्याचा, बंगल्याच्या गाडीसाठी त्याच्यावर अवलंबून राहू नका.

पाणी मे महिन्यात बघायचं. ऑक्टोबरमध्ये सगळ्या विहिरी भरलेल्या असतात. किनाऱ्यालगतच्या विहिरी एप्रिलनंतर मचूळ होतात, ते शेजारच्या घरातल्या वहिनी दोन वाक्यांत खरं सांगतात, एजंटाने मालकाला विचारण्यापेक्षा त्यांना विचारावं. लाईटचा पोल किती लांब आहे ते पण बघा.

मोजणी करून घेतल्याशिवाय मी खरेदीखताला जात नाही. भूमी अभिलेखचा माणूस रोव्हर म्हणजे मोजणीचं यंत्र घेऊन येतो, लगतदारांना नोटिसा गेलेल्या असतात, आणि त्या दिवशी वाडीतली सगळी माणसं तिथे हजर. एका मोजणीला खूण नेमकी शेजाऱ्याच्या गडग्याच्या आत हातभर गेली. दोघेही साठीच्या पुढचे, लहानपणी एकत्र शाळेत गेलेले, आणि एका हाताच्या जागेवरून आवाज चढले. मी काहीच बोललो नाही, सर्व्हेअरला खूण करू दिली, आणि मग दोघांना बाजूला घेऊन सांगितलं की गडगा आहे तिथेच राहू दे, विकणाऱ्याने क्षेत्र तेवढं कमी धरावं, शेजाऱ्याने तसं लिहून द्यावं, पार्टीला मी समजावतो. पार्टी समजूतदार होती, तिला कळलं की शेजाऱ्याशी भांडण घेऊन इथे राहायला येण्यापेक्षा हातभर जमीन गेलेली परवडली. अशी कामं करायला जमीन ओळखून भागत नाही, माणसं ओळखावी लागतात, आणि त्यात गावातल्या मुलाला बाहेरच्या एजंटपेक्षा फायदा आहे.

घेणारा शेतकरी नसेल तर शेतजमीन त्याच्या नावावर होत नाही, कुळकायद्याचं कलम ६३. इथे बरेच जण पार्टीला म्हणतात दाखला करून देतो. म्हणजे कुठल्यातरी लांबच्या जिल्ह्यात कोणाच्यातरी सातबाऱ्यावर नाव घुसवायचं आणि शेतकरी व्हायचं. असलं काम करू नका, कोणाला सुचवूही नका. पकडलं गेलं तर व्यवहार अवैध ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते, आणि तुम्ही मध्ये असता. त्याऐवजी एनए म्हणजे बिनशेती झालेली जागा दाखवा, किंवा गावठाणापासून २०० मीटरच्या आतली जागा असेल तर महसूल अधिनियमात ४२ ड आहे, तिथे बिनशेतीचं काम तुलनेने सोपं पडतं, ते तपासून बघा.

तुकड्यांचंही तसंच. २०२३ मध्ये प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे शेतजमिनीचा विकता येईल असा सगळ्यात लहान तुकडा, जिरायतीला २० आणि बागायतीला १० गुंठे केलं, त्यानंतरही तुकडेबंदीत बदल होत राहिलेत, त्यामुळे व्यवहाराच्या वेळी चालू नियम काय आहे हे सबरजिस्ट्रारकडे विचारून घ्या. पण शेतजमिनीवर चुन्याच्या रेषा मारून दोन दोन गुंठ्यांचे बंगलो प्लॉट विकायचे, सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं सामाईक घालायची आणि "एनए होतंय" सांगायचं, हा धंदा आपल्या किनाऱ्यावर जोरात आहे आणि त्याने उद्या आपणच नवीन पन्नास नावांचे सातबारे तयार करून ठेवणार. जुन्या लोकांना मुंबईने पांगवलं म्हणून त्यांचं तसं झालं, आपण डोळे उघडे ठेवून तेच करायचं का? मी त्या प्लॉटिंगवाल्यांची कामं घेत नाही, त्यांचा कमिशनचा आकडा ऐकून कोणाचंही मन चळेल हे मला माहिती आहे, तरी घेत नाही.

जी प्लॉटिंग रीतसर आहेत ती ठराविक आकाराच्या वरची असतील तर महारेराला, म्हणजे घरं-प्लॉटच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडे, नोंदलेली पाहिजेत, आणि ती विकायची तर तुमचंही एजंट म्हणून रजिस्ट्रेशन पाहिजे. एकट्या माणसाला फी १० हजार, पाच वर्षं चालतं, आणि २०२३ पासून आधी २० तासांचं ट्रेनिंग आणि परीक्षा. नुसती सुटी शेतजमीन किंवा जुनं घर दाखवायला ते लागत नाही, पण मी सगळ्यांना सांगतो, करून घ्या. कारण कायदा वाचायची सवय लागते आणि पार्टीला कार्डावर नंबर दिसला की बोलण्याचा सूर बदलतो. नोंदणी न करता नोंदणीकृत प्रोजेक्ट विकलात तर दिवसाला १० हजार दंड आहे.

आता पैशाबद्दल, कारण खरा प्रश्न सगळ्यांना तोच विचारायचा असतो. आपल्याकडे नेट रेटची पद्धत रुळलीय. मालकाला विचारायचं तुला हातात किती पाहिजेत, तो म्हणतो गुंठ्याला साठ हजार, एजंट पार्टीला सांगतो दीड लाख, मधले नव्वद एजंटचे, आणि दोघांची भेट रजिस्ट्रेशनच्या दिवसापर्यंत होऊ द्यायची नाही. मी याच्या विरोधात आहे आणि उघड विरोधात आहे. तो म्हातारा मालक सातबाऱ्यावरची शेवटची जमीन विकत असतो, बहुतेक वेळा आजारपणासाठी किंवा मुलीच्या लग्नासाठी, आणि त्याच्या जमिनीचे निम्म्याहून जास्त पैसे मोटरसायकलवरून फिरणारा माणूस घेऊन जातो. मी दोन्हीकडून दोन दोन टक्के घेतो, आधी सांगून घेतो, आणि मालक आणि पार्टी यांची भेट पहिल्याच टप्प्यात मालकाच्या खळ्यात घडवतो. लोक म्हणाले अशाने तुला बाजूला काढून थेट व्यवहार करतील. काहींनी केलेही. पण सह्या गोळा करायला, मोजणीला, तलाठ्याकडे, सबरजिस्ट्रारकडे त्यांना माणूस लागतोच, त्यातले काही परत आले.

पहिल्या वर्षी या कामात पैसे दिसत नाहीत, हे घरी बायकोला, आईला आधीच सांगून ठेवा. एक व्यवहार सुरू होऊन पुरा व्हायला वर्ष सहज जातं. मध्ये पितृपक्ष येतो, त्यात कोणी सही करत नाही, पाऊस असतो तेव्हा पार्टी येत नाही, शिमग्याला ऑफिसात माणूस सापडत नाही. पेट्रोल जातंच. म्हणून जोडीला काहीतरी ठेवा, आंबा, गाडी, होमस्टे, दुकान. पोटाची घाई असली की माणूस नको त्या कागदावर टोकन घेतो.

टोकनवरून आठवलं, विसाराचे पैसे स्वतःच्या खात्यात कधीही घेऊ नका. थेट मालकाच्या खात्यात, आणि सामाईक असेल तर कोणाला किती ते साठेखतात, म्हणजे खरेदीखताआधीच्या करारात लिहून. साठेखत रजिस्टर करा. फी एक टक्का, जास्तीत जास्त ३० हजार, त्यात वाचवण्यासारखं काही नाही. पब्लिक डेटा एन्ट्री, म्हणजे दस्ताची ऑनलाईन माहिती, खरेदीच्या आदल्या दिवशी भरून ठेवा, सगळ्यांचे पॅन, आधार, ओळखदार, आणि म्हाताऱ्या माणसांना उन्हाच्या आधी घेऊन या, सर्व्हर बंद पडला तर त्यांना बसायला सावली आणि खायला काहीतरी असू दे. अंगठ्याचा ठसा म्हाताऱ्यांचा मशीन पटकन घेत नाही, आयुष्यभर काम करून बोटं गुळगुळीत झालेली असतात, थोडं तेल आणि ओला रुमाल खिशात ठेवा, पुसून परत लावला की घेतं.

सुरुवात कुठून करू असं विचारणाऱ्यांना माझं एकच काम आहे. आधी स्वतःच्या घरचा सातबारा काढा. आज्याचं नाव अजून तसंच असेल. डेथ सर्टिफिकेट शोधा, वंशावळ काढा, आत्यांची, बहिणींची नावं घाला, ई हक्कच्या वेबसाईटवर किंवा तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या, १५ दिवसांची नोटीस निघू दे, मंडळ अधिकाऱ्याकडून फेरफार मंजूर होऊन येऊ दे. यात जे जे अडेल, कोणत्या काकांनी काय आक्षेप घेतला, कोणता कागद कुठे मिळाला, ते सगळं वहीत लिहा. ते झालं की वाडीतल्या दोन घरांचं फुकट करून द्या. मग पार्टी आणायचं बघू. आठवडा बाजाराच्या दिवशी मी तालुक्याला तहसीलच्या बाहेर असतोच, ज्याला जमेल त्याने उतारा घेऊन या, बसून वाचू.